आजारपणाच्या भीतीवर गुंतवणुकीचा उतारा?

सानपाडा स्थानकाच्या फलाटावर उभे राहिले की आरोग्य क्षेत्राने हा परिसर चहूबाजूंनी वेढल्याचे जाणवते. हार्बर मार्गावर एक स्थानक अलीकडे वाशी. तेथे फोर्टिस हिरानंदानी रुग्णालय. पनवेलच्या दिशेने निघाले तर बेलापूरला २०१६ पासून अपोलोचे भव्य रुग्णालय. ठाण्याकडे जाणारी गाडी पकडली तर तुर्भ्यापासून रबाळ्यापर्यंतचा औद्योगिक पट्टा लागतो. फायझरचा जुना कारखाना याच पट्ट्यात होता, ग्लेनमार्कचे संशोधन केंद्र महाप्याला आहे आणि रिलायन्स लाइफ सायन्सेसचा पसारा रबाळ्यात. सिडकोच्या घरांत गेल्या शतकाच्या अखेरीस राहायला आलेली पिढी आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहे किंवा तो ओलांडून गेली आहे. या पिढीच्या महिन्याच्या हिशेबात किराणा आणि सोसायटीच्या देखभाल खर्चाच्या जोडीला औषधे व तपासण्या यांचा रकाना कायमचा येऊन बसला आहे.

अशा घरांत आरोग्य क्षेत्राच्या ईटीएफची, म्हणजे शेअर बाजारात समभागांप्रमाणे खरेदी-विक्री होणाऱ्या फंडाची, चर्चा शिरली याचे नवल वाटायला नको. त्यामागचा युक्तिवाद वरकरणी बिनतोड आहे. माणसे आजारी पडायची थांबणार नाहीत. लोकसंख्येचे वय वाढते आहे. मधुमेह आणि रक्तदाब घरोघरी पोहोचले आहेत. रुग्णालयांची बिले चुकवायची नाहीतच, तर त्या बिलांतून होणाऱ्या नफ्यात थोडी भागीदारी का घेऊ नये? उपचार महागले तर समभागही वधारतील आणि एका खिशातून गेलेले दुसऱ्या खिशात परत येईल. निवृत्तिवेतनाची शाश्वती नसलेल्या मध्यमवर्गाला हा विचार पटकन भावतो. अडचण एवढीच आहे की, ज्या टोपलीत पैसे टाकायचे त्या टोपलीत नेमके काय आहे, हे फारसे कोणी उघडून पाहत नाही.

ईटीएफ हा प्रकार भारताला नवा नाही. बेंचमार्क म्युच्युअल फंडाच्या ‘निफ्टी बीज’ची नोंदणी राष्ट्रीय शेअर बाजारात जानेवारी २००२ मध्ये झाली. ‘बीज’ हे इंग्रजी आद्याक्षरांतून जुळवलेले नाव. मराठी कानांना मात्र ते पेरणीचेच वाटावे. पुढे ती कंपनी गोल्डमन सॅक्सकडे, तिच्याकडून रिलायन्सकडे आणि अखेर निप्पॉनकडे गेली. योजना मात्र आजही चालू आहे. ऑगस्ट २०१५ पासून कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनाही आपल्या नव्या जमेचा काही भाग ईटीएफमध्ये गुंतवू लागली. याचा अर्थ, ठाणे-बेलापूर पट्ट्यातील ज्या नोकरदाराने आयुष्यात कधी दलालाचे तोंड पाहिले नाही, त्याचा पैसाही ईटीएफच्या वाटेने बाजारात पोहोचलेला आहे. पण संघटनेने सुरुवात केली ती निफ्टी आणि सेन्सेक्स या व्यापक निर्देशांकांच्या फंडांपासून, एखाद्या उद्योगक्षेत्राच्या फंडापासून नव्हे. हा फरक पुढच्या साऱ्या विवेचनाच्या मुळाशी आहे.

आरोग्य क्षेत्राचे ईटीएफ भारतात आले ते २०२१ मध्ये. आयसीआयसीआय प्रुडेन्शियल आणि अ‍ॅक्सिस यांनी त्या वर्षीच्या मे महिन्यात निफ्टी हेल्थकेअर निर्देशांकावर आधारित योजना आणल्या. निप्पॉनने त्यानंतर लगेच निफ्टी फार्मावरची योजना काढली. आदित्य बिर्ला सन लाइफ आणि मोतीलाल ओसवाल यांच्या योजना त्यामागून आल्या. यांतील ‘फार्मा’ आणि ‘हेल्थकेअर’ हे शब्द एकाच अर्थाचे नाहीत. पहिल्या निर्देशांकात औषध कंपन्यांचेच राज्य आहे. दुसऱ्यात त्यांच्या जोडीला अपोलो, मॅक्स, फोर्टिस यांसारखी रुग्णालये आणि रोगनिदान प्रयोगशाळा चालवणाऱ्या कंपन्याही येतात. परंतु दुसऱ्या निर्देशांकातही मोठे वजन औषध कंपन्यांचेच, आणि त्यांतही सर्वाधिक सन फार्माचे. आरोग्य विमा कंपन्या मात्र यांपैकी कशातच नाहीत. आपल्या बाजारात त्यांची गणना वित्तीय सेवांत होते. आणि महापे-रबाळ्याच्या पट्ट्यात लोकलच्या खिडकीतून जे दिसते त्यातले सगळेच बाजारात विकत मिळते असेही नाही. ग्लेनमार्क मिळते, रिलायन्स लाइफ सायन्सेस स्वतंत्रपणे नोंदलेली नसल्यामुळे मिळत नाही.

खरा मुद्दा या औषध कंपन्यांच्या गिऱ्हाइकाचा आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूला पेटंट नाकारले आणि केवळ उत्पादन प्रक्रियेला ते दिले. वेगळ्या प्रक्रियेने तेच औषध बनवण्याचे कौशल्य भारतीय कंपन्यांनी त्यातून कमावले. २००५ पासून उत्पादनालाही पेटंट मिळू लागले. पण तोवर या कंपन्या पेटंट संपलेली औषधे, म्हणजे जेनेरिक औषधे, अमेरिकेला पुरवण्यात तरबेज झाल्या होत्या. सन फार्माच्या विक्रीत भारताचा वाटा साधारण एक-तृतीयांश आहे आणि अमेरिकेचाही जवळपास तेवढाच. डॉ. रेड्डीजच्या उत्पन्नात सर्वांत मोठा वाटा उत्तर अमेरिकेचा आहे. डिव्हीजचा माल बहुतांशी देशाबाहेरच जातो. त्यामुळे सानपाड्याच्या औषध दुकानात गर्दी वाढली म्हणून या कंपन्यांचा नफा त्याच प्रमाणात वाढेल, ही समजूत टिकत नाही. त्यांचे भवितव्य अमेरिकेतील घाऊक खरेदीदार आणि तेथील अन्न व औषध प्रशासन, म्हणजेच यूएसएफडीए, यांच्या हाती बऱ्याच अंशी असते.

महाराष्ट्राने याचा अनुभव जवळून घेतला आहे. मे २०१३ मध्ये यूएसएफडीएने वोक्हार्टच्या वाळूज येथील कारखान्यातील औषधांची आयात अडवली. त्याच वर्षी याच कंपनीच्या चिकलठाण्याच्या कारखान्यावरही तीच वेळ आली. तेव्हाच्या औरंगाबादेतील, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरातील, दोन कारखान्यांतील कागदपत्रे आणि नोंदी तपासायला आलेल्या परदेशी निरीक्षकांनी त्या समभागाची दिशा बदलून टाकली. नोव्हेंबर २०१७ मध्ये ल्युपिनच्या गोवा आणि इंदूरजवळच्या कारखान्यांना इशारापत्र मिळाले आणि समभाग एकाच दिवसात पंधरा टक्क्यांहून अधिक आपटला. या दोन्ही प्रसंगी भारतात रुग्ण कमी झाले नव्हते, रुग्णालयांतील खाटाही रिकाम्या पडल्या नव्हत्या.

याच काळात अमेरिकेतील औषध खरेदीदार एकमेकांशी हातमिळवणी करून तीन बलाढ्य गटांत एकवटले आणि जेनेरिकचे भाव पाडू लागले. याच्या उलटही घडते. रक्ताच्या कर्करोगावरील लेनालिडोमाइड या औषधाची जेनेरिक आवृत्ती न्यायालयीन तडजोडीनुसार ठरावीक मर्यादेत विकण्याची मुभा काही भारतीय कंपन्यांना २०२२ पासून मिळाली. डॉ. रेड्डीज, सिप्ला, नॅटको यांच्या ताळेबंदांवर या एका औषधाने काही काळ घसघशीत नफा ओतला. ३१ जानेवारी २०२६ रोजी ती मर्यादा संपली. विक्री सर्वांना खुली झाली म्हणजे भावही कोसळतो, हे या धंद्याचे जुने गणित आहे. अशा बारकाव्यांवर निवृत्तीच्या पुंजीचा काही भाग अवलंबून आहे, याची कल्पना किती जणांना असते?

आकडे याहून स्पष्ट बोलतात. निफ्टी फार्मा निर्देशांक २०१५ च्या अखेरीस जवळपास बारा हजारांवर होता. त्यानंतर २०१६, २०१७, २०१८ आणि २०१९ अशी सलग चार वर्षे तो घसरत राहिला आणि आठ हजारांच्या आसपास आला. त्याच चार वर्षांत निफ्टी ७,९४६ वरून १२,१६८ वर गेला. लाभांश बाजूला ठेवून हिशेब केला तर २०१५ च्या अखेरीस फार्मा निर्देशांकात असलेल्या एक लाख रुपयांचे २०१९ च्या अखेरीस सुमारे ६८ हजार उरले. तेच लाख रुपये निफ्टीत असते तर दीड लाखाच्या पुढे गेले असते. मग करोनाचे वर्ष आले. २०२० मध्ये फार्मा निर्देशांकाने सुमारे साठ टक्क्यांची झेप घेतली आणि साऱ्या देशाचे लक्ष या क्षेत्राकडे वळले. तरीही, शतकातल्या सर्वांत मोठ्या साथीने दिलेली ही उसळी जमेस धरूनही, पाच वर्षांपूर्वीच्या लाखाचे एक लाख आठ हजारांच्या आसपासच झाले होते. बँकेतल्या साध्या मुदत ठेवीने याहून बरे दिले असते.

यातली बोचरी बाजू आकड्यांपलीकडची आहे. आजार बाजाराचा रंग पाहून येत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये ज्याच्या घरी हृदयशस्त्रक्रियेचा प्रसंग आला असेल आणि ज्याने त्यासाठीची रक्कम याच क्षेत्रात ‘योग्य जागी’ म्हणून ठेवली असेल, त्याला ती एक-तृतीयांश तोट्यात मोडावी लागली असती. चारच महिन्यांनी सुरू झालेल्या तेजीचा त्याला काहीही उपयोग नव्हता. उपचारांसाठीच्या निधीला वाट पाहण्याची मुभा नसते. क्षेत्रीय फंडाला मात्र ती हवीच असते, कधी चार वर्षांची, कधी त्याहून अधिक.

नव्या योजना बाजारात केव्हा येतात, हेही पाहण्यासारखे आहे. औषध क्षेत्रातील सक्रिय फंड भारतात १९९९ पासून आहेत. २०१८ मध्ये, हे क्षेत्र रसातळाला गेले असताना, तीन फंड घराण्यांनी आरोग्य क्षेत्राच्या सक्रिय योजना आणल्या; त्यांचा मात्र फारसा गाजावाजा झाला नाही. ईटीएफ आले ते साठ टक्क्यांच्या उसळीनंतर. गिऱ्हाईक मागेल तेव्हा माल आणावा, हा व्यापाराचा नियम आहे आणि त्यासाठी फंड घराण्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण त्यानंतरच्या २०२२ या वर्षात फार्मा निर्देशांक सुमारे अकरा टक्के घटला. घाबरून बाहेर पडलेल्यांनी तोटा पदरात घेतला. जे टिकले त्यांना २०२३ मध्ये सुमारे एक-तृतीयांश आणि २०२४ मध्ये त्याहूनही अधिक वाढ मिळाली. तेव्हा हे क्षेत्र वाईट आहे असे कोणी म्हणणार नाही. ते चक्राकार फिरते आणि त्या चक्राचा सानपाड्याच्या दवाखान्यातील रांगेशी संबंध फार क्षीण आहे, एवढेच हे आकडे सांगतात.

जेथे हा संबंध घट्ट आहे, तेथे आणखी एक गुंता आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने हृदयाच्या रक्तवाहिन्यांत बसवायच्या स्टेंटचे कमाल दर ठरवून दिले. साध्या स्टेंटसाठी ७,२६० रुपये आणि औषधलेपित स्टेंटसाठी २९,६०० रुपये, अधिक कर. त्याआधी याच औषधलेपित स्टेंटसाठी रुग्णाला लाखाच्या वर मोजावे लागत असत. घरात हृदयविकाराचा रुग्ण असणाऱ्यांनी या निर्णयाचे स्वागत केले, ते योग्यच होते. रुग्णालयांच्या भागधारकांना मात्र ती वाईट बातमी होती. फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयांच्या प्रमाणित दरांवरून केंद्र सरकारला खडसावले, तेव्हाही रुग्णालयांचे समभाग गडगडले. ज्या निर्णयाने आपले बिल कमी होणार त्याच निर्णयाने आपला फंड खाली यावा, अशी ही अवस्था आहे. दोन्ही खिसे एकमेकांना सावरतात असा याचा एक अर्थ लावता येईल आणि तो पूर्णपणे चुकीचा म्हणता येणार नाही. पण हे सावरणे तराजूच्या दोन पारड्यांसारखे नेटके नसते. शस्त्रक्रियेचे बिल लाखांत येते. फंडातला लाभ गुंतवलेल्या रकमेच्या काही टक्क्यांत. दोन-तीन लाखांच्या गुंतवणुकीने दहा लाखांच्या उपचाराचा भार उतरेल, ही अपेक्षा अंकगणितातच नापास होते.

ज्यांच्याकडे निफ्टीचा ईटीएफ किंवा इंडेक्स फंड आहे, त्यांच्या पदरी आरोग्य क्षेत्र आधीच आलेले आहे. सन फार्मा, सिप्ला आणि डॉ. रेड्डीज निफ्टीत आहेत. अपोलोचा समावेश मार्च २०२२ च्या अखेरीस झाला, मॅक्स हेल्थकेअरचा सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस. यांपैकी एखादी कंपनी डळमळली तर निफ्टीतील उरलेल्या पंचेचाळीस कंपन्या तो धक्का पचवतात. क्षेत्रीय फंडात ती सोय नसते. सेबीच्या २०१९ च्या नियमानुसार क्षेत्रीय निर्देशांकावर आधारित ईटीएफमध्ये एकाच कंपनीचे वजन ३५ टक्क्यांपर्यंत आणि पहिल्या तिघींचे मिळून ६५ टक्क्यांपर्यंत असू शकते. वीस कंपन्यांची नावे वाचून जोखीम वीस ठिकाणी विभागली गेली असे वाटते. प्रत्यक्षात ती तीन-चार मोठ्या नावांभोवती गोळा झालेली असते, आणि त्या तीन-चारही नावांवर एकाच परदेशी नियामकाची नजर असते.

अमेरिकेतील गुंतवणूकदारांची यातून सुटका झाली आहे असे नाही. तेथील एक्सएलव्ही हा आरोग्य क्षेत्राचा ईटीएफ डिसेंबर १९९८ पासून चालू आहे. त्यात नवी औषधे शोधणाऱ्या कंपन्या, उपकरणे बनवणारे उद्योग आणि आरोग्य विमा कंपन्या असे सारे नांदतात. व्याप्ती आपल्यापेक्षा कितीतरी मोठी. तरीही १७ एप्रिल २०२५ रोजी युनायटेडहेल्थ या महाकाय विमा कंपनीचा समभाग एका दिवसात पाचव्या हिश्श्याहून अधिक कोसळला, तेव्हा त्याचा धक्का या फंडालाही बसला. कारण काय, तर विमाधारकांनी अपेक्षेपेक्षा जास्त उपचार घेतले! लोक डॉक्टरकडे जास्त गेले म्हणून आरोग्य क्षेत्रातील कंपनी बुडाली, हे वाचून आपल्याकडचा सरळसोट युक्तिवाद जरा ओशाळावा.

व्यवहाराच्या बाजूनेही काही गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. ईटीएफचा वार्षिक खर्च सक्रिय फंडाच्या मानाने फारच कमी असतो, हे त्याचे मोठे बळ आहे. पण त्यासाठी डिमॅट खाते लागते, दलाली द्यावी लागते आणि खरेदी होते ती बाजारभावाने. फंडाच्या युनिटचे मूल्य शंभर रुपये असताना उलाढाल कमी असलेल्या दिवशी तेच युनिट एकशे दोन रुपयांना विकले जात असेल, तर घेणाऱ्याने पहिल्याच क्षणी दोन टक्के गमावले. खर्चातली कित्येक वर्षांची बचत तेथेच संपली. उलाढाल टिकावी म्हणून प्रत्येक ईटीएफसाठी किमान दोन बाजार-निर्माते नेमण्याची सक्ती सेबीने २०२२ मध्ये केली. तरीही खरेदीपूर्वी संकेतस्थळावर दिसणारे तात्कालिक मूल्य आणि बाजारभाव ताडून पाहणे, आणि आपला भाव नमूद करूनच मागणी नोंदवणे, याला पर्याय नाही. करआकारणी समभागांप्रमाणेच होते. वर्षाच्या आत विकल्यास नफ्यावर २० टक्के. त्यानंतर वार्षिक सव्वा लाखापर्यंतचा नफा माफ आणि वरच्या रकमेवर साडेबारा टक्के.

मग हा फंड कोणी घ्यावा? ज्याचे वय चाळिशीच्या आत आहे, घराचा हप्ता आवाक्यात आहे, कुटुंबाची पुरेशी मेडिक्लेम पॉलिसी आहे, सहा-आठ महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम ठेवींत आहे आणि व्यापक निर्देशांकात नियमित गुंतवणूक सुरू आहे, त्याने उरलेल्या पैशातला लहानसा भाग दहा वर्षांच्या बोलीवर येथे लावायला हरकत नाही. तोही एकरकमी नको, थोडाथोडा. आणि शक्यतो हे क्षेत्र वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर नसेल अशा काळात. साठीच्या पुढच्या दांपत्याने सोसायटीच्या पुनर्विकासातून हाती आलेली रक्कम किंवा ग्रॅच्युइटी ‘औषधपाण्यासाठी’ म्हणून येथे ठेवणे मात्र सरळसरळ धोक्याचे आहे. औषधपाण्याची तरतूद करायची साधने निराळी आहेत. मुदत ठेव आहे, ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे आणि विमा आहे. विम्याचे हप्ते वयाबरोबर चढत जातात आणि साठीनंतर नवी पॉलिसी मिळवताना जुन्या आजारांच्या अटी आडव्या येतात, ही तक्रार रास्त आहे. पण त्या तक्रारीवर ईटीएफ हा उपाय नाही.

सप्टेंबर २०२५ च्या एकाच आठवड्यात दोन बातम्या आल्या. सोमवारी, २२ तारखेला, वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर शून्यावर आला. शुक्रवारी, २६ तारखेला, अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ब्रँडेड आणि पेटंटप्राप्त औषधांवर शंभर टक्के आयातशुल्क जाहीर केल्याचे वृत्त येथे थडकले. भारतीय कंपन्या तेथे प्रामुख्याने जेनेरिक औषधे विकतात आणि त्या घोषणेत जेनेरिकचा उल्लेख नव्हता. तरीही त्या दिवशी निफ्टी फार्मा निर्देशांकात घसरण झाली.